धाब्यावरचं वजन

१

इंद्रभान खर्चे कुणाच्याही घरात शिरला की आधी वर पाही. यजमान खाट टाकतोय, पाणी विचारतोय, आणि हा मान वर करून छताकडे बघत उभा. लग्नघरीसुद्धा ही खोड सुटत नसे. नवरा-नवरी राहिले बाजूला, मांडवामागच्या घराचं पन्हाळ वाकडं बसलंय, हे तो वरबापाला सांगून येई.

खामगावच्या एका विमा कंपनीसाठी तो घरं तपासत असे. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुरातून चाले आणि वऱ्हाडाचा कापूस खामगावातून. कंपनी आधी सरकी काढायच्या जिनांचा आणि कापसाच्या गठाणींचा आगीचा विमा उतरवी. पुढे कुणाच्या तरी डोक्यात आलं की जिनांना आग लागते तसा घरांना पाऊस लागतो. मग पाऊस-वाऱ्यापासून घराचाही विमा सुरू झाला. वैशाखात कंपनीला घर ठणठणीत दिसे आणि ती हसतमुखाने हप्ता घेई. श्रावणात तेच घर बसलं की कंपनीला त्यात शंभर खोडी सापडत. माती जुनी होती, पन्हाळ तुंबलं होतं, मालकाने काळजी घेतली नाही. पाऊस पडला हा जणू मालकाचाच गुन्हा.

यावरून इंद्रभान मॅनेजरच्या टेबलावर मूठ आपटून भांडे. नागपूरला कॉलेज केलेला माणूस, कायदा त्यालाही वाचता येई.

"घर मी तपासलं होतं. चांगलं होतं. द्या त्या माणसाचे पैसे."

मॅनेजर भगवानराव चष्मा पुसत विचारी, "खर्चे, तुम्ही आमचे की त्यांचे?"

"मी छपराचा."

हे त्याचं उत्तर कंपनीत सगळ्यांना पाठ झालं होतं. लोक हसत, पण इंद्रभानने चांगलं म्हटलेलं छप्पर चांगलंच असतं आणि वाईट म्हटलेलं वाईटच, हे कुणी नाकारत नसे. त्याच्या हातात लोखंडी बोंडाची काठी असे. खालून लाकडाला ती ठोकायची आणि ऐकायचं. धड लाकूड वाजतं, कुजकं नुसतं हुंकारतं.

त्याचं स्वतःचं घर टिनाचं होतं. स्वयंपाकघरावरच्या पत्र्यात, एक खिळा निघाला होता तिथे, भोक होतं आणि पाऊस लागला की नेमकं चुलीशेजारी गळे. त्याची बायको विमल तिथे पितळी तपेली ठेवी. ती देऊळगाव राजाची, बोलणं तिकडचं.

"अहो, गावाची घरं तपासत फिरायलात, अन् हितं चुलीवर पानी गळायलंय. आपल्या घराचा नंबर कवा लागंल?"

"आलो की करतो."

पण पाऊस सुरू झाला की त्याची फिरती सुरू होई. तपेली भरली की विमल ती उचली, अंगणातल्या तुळशीपाशी रिती करी, पुन्हा आणून ठेवी. एका भाद्रपदात ती ओल्या भुईने आजारी पडली. छातीत कफ झाला. इंद्रभान तेव्हा मेहकरकडे लोकांची छपरं ठोकत होता. तो परत आला तो तिला पोचवायलाच.

दिवसकार्य आटोपल्यावर तो डांबराचा डबा घेऊन वर चढला आणि भोक बुजवलं. फार चांगलं बुजवलं. तपेलीवर विमलचं नाव घातलेलं होतं, ती तिची आई घेऊन गेली. तेव्हापासून त्या घरात एक थेंब पडला नव्हता. पावसाळ्यात सगळं घर कोरडं आणि गप्प असे, आणि इंद्रभानला ते सोसत नसे.

२

धामणगाव बढेला तो वैशाखाच्या शेवटी गेला. मलकापूरपर्यंत रेल्वे, पुढे मोताळ्यापर्यंत सर्व्हिस मोटार आणि शेवटी पंजाबरावांनी पाठवलेली बैलगाडी. पंजाबराव मलकापुरात कापसाची अडत करीत. धामणगावात त्यांचं वडिलार्जित घर होतं आणि त्यात त्यांची विधवा वहिनी, गोजरबाई, एकटी राहत होती.

अंगणात टिनाचे नवे पत्रे रचून ठेवलेले होते. उन्हात त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

"खर्चे साहेब, सरळ गोष्ट हाये," पंजाबराव म्हणाले. "भाऊ गेला तवापासून धाब्यावर मातीचं एक टोपलं पडलं नाई. मी दरसाल मानसं धाडतो, वैनी दरसाल वापस धाडते. इमा उतरवाले गेलो त तुमची कंपनी म्हनते, धाबं दाखवा. तुमीच पाहा आता. खराब असन त उद्याच उकलतो अन् पत्रे ठोकतो. चांगलं असन त राहू द्या. मी वैनीशी भांडत नाई."

धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, हे दरवर्षीचं काम. तुळईवर आडव्या लाकडी कड्या, कड्यांवर लाकडाच्या फळ्या, त्यांवर तुरीच्या काड्या, म्हणजे तुराट्या, आणि वर हातभर माती. पावसाआधी खारी माती पसरावी लागते, कारण ती पाणी धरून ठेवत नाही, वाहू देते. एवढं करूनही श्रावणात झड लागली, दिवसच्या दिवस पाऊस उघडला नाही, की कुठेतरी गळतंच. मग घरचा पुरुष पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन वर चढतो आणि गळणारी जागा टाचेने तुडवतो. खालून बायको ओरडते, इथी नाई, चुलीकडे. तो सरकतो, तुडवतो. गळणं थांबतं. वऱ्हाडातल्या कितीतरी संसारांतलं पावसाळ्याचं बोलणं असं छताच्या आरपार चाललेलं असतं.

इंद्रभानने आधी खालून पाहिलं. कड्या वाजल्या, धड होत्या. तुळई सागवानी, जाडजूड. तिच्यावर काठी ठोकत तो मधल्या खोलीत आला, चुलीच्या जरा अलीकडे, आणि आवाज बसला. त्याने पुन्हा ठोकलं. तुळईला आडवा तडा होता. जुना नव्हता. आतलं लाकूड अजून पिवळं होतं.

वरून ओझं वाढल्यावर असा तडा जातो. पण वर तर मातीच पडली नव्हती.

तो शिडीने वर चढला. इतकी वर्षं माती न पडलेलं धाबं त्याला पाठ होतं: ओहळ पडलेले, तुराट्या उघड्या, कडेने वाळकं गवत. इथे तसं काहीच नव्हतं. सारवलेल्या अंगणासारखी माती एकसारखी दाबलेली होती. मधोमध उजेडासाठी ठेवलेलं भोक होतं, त्यावर मडकं पालथं घातलेलं. आणि त्याच्या पलीकडे, खालच्या चुलीच्या बरोबर वर, मातीचा एक तुकडा काळसर दिसत होता.

इंद्रभान उकिडवा बसला. ऊन असं होतं की काठीचं लोखंड हाताला पोळत होतं. त्याने त्या जागी तळवा ठेवला. माती ओली होती, गार होती. तिच्यात एक खोल टाच उमटलेली होती आणि तिच्या शेजारी, पाय ओढत नेल्यासारखी, एक लांब रेघ.

कुणीतरी पाणी सांडलं असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. मग घागर ठेवल्याचा डाग शोधला. नव्हता. शिडीपासून तिथवर येणारी पावलंही नव्हती, त्याची स्वतःची सोडून.

३

गोजरबाई चुलीपाशी सुपात तूर निवडत बसल्या होत्या. पन्नाशीच्या आतबाहेर, बारीक अंगाच्या. ओल होती त्याच्या बरोबर खाली.

"पाह्यलं का भाऊ?"

"एका जागी ओल आहे. वर पाणी कुणी नेलं होतं?"

"कोनी नाई."

"मग ओल कशाने?"

"परवा दुपारी चार थेंब आलते. तेवढ्यात येऊन गेले."

"कोण?"

त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "च्या ठेवू का तुमच्यासाठी?"

पंजाबराव बाहेर सुताराशी बोलायला गेले होते. गोजरबाईंनी दाराकडे पाहून घेतलं आणि सूप खाली ठेवलं.

"भाऊ, मी अडानी बाई. तुमी शिकेल मानूस. एवढं लिहून द्या, का धाबं चांगलं हाये. भाऊजींचे पत्रे नको मले."

"पत्र्याचं काय वाईट? गळत नाही, दरसालची माती नाही."

"तेच त म्हनते मी. पत्रा गळत नाई." त्या जरा थांबल्या. "अन् पत्र्यावर कोनाले उभं राह्यता येते का?"

इंद्रभान वादाला नेहमीच तयार असे. इथे त्याने काठी भिंतीला टेकवली आणि खाली बसला. गोजरबाई मग आपणच सांगू लागल्या, निवडता निवडता, शेजारणीला सांगावं तसं.

त्यांचे यजमान तुळशीराम. डाव्या पायावरून गाडीचं चाक गेलेलं, तेव्हापासून तो पाय ओढत चालत. त्या वर्षी श्रावणात झड लागली होती. इथेच, चुलीवर, गळायला लागलं. ते वर गेले. त्या खालून सांगत राहिल्या, ते वरून तुडवत राहिले. मध्येच वरून म्हणाले, भाजी कायची हाये? त्या म्हणाल्या, खाली या मंग सांगते.

"मंग गळनं थांबलं. पायबी थांबले. मले वाटलं, आता उतरतीन. मी ताट वाढलं." त्यांनी सूप उचलून पाखडलं. "ताट थंडं झालं. बाहीर जाऊन हाक मारली. मंग शेजारचे चढले वर. हे तिथीच बसेल होते, गळत होतं त्या जागेवर. पान्यात. तसेच गेले बसल्या बसल्या."

बाहेर ऊन एकदम उतरलं. वारा सुटला, दार आपटलं. वैशाखात वळवाचा पाऊस सांगून येत नाही.

"ते जागा सोडून उठले नाईत भाऊ," गोजरबाई म्हणाल्या. "उठले असते त गळलं असतं."

४

पाऊस मोठा होता. पन्हाळं वाजू लागली. इंद्रभानचं लक्ष सवयीने वर गेलं. चुलीच्या वरच्या फळ्यांमध्ये एक थेंब जमला, लोंबला आणि राखेत पडला. मग दुसरा. तिथली माती फळ्यांच्या फटीतून कुणीतरी खालून खुरपून पातळ केली होती. कुणी, हे विचारायची गरज नव्हती. चुलीमागे खुरपं टेकवून ठेवलेलं होतं.

गोजरबाईंनी पदर नीट केला. कुणी यायचं असलं की बायका करतात तसा.

"इथी गळून राह्यलं," त्या वर बघून म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "चुलीपाशी."

वर काहीतरी वाजलं. आधी इंद्रभानला वाटलं, ओलीने लाकूड फुगतंय. मग वाटलं, मांजर. मग आवाज दाराच्या बाजूने मधल्या खोलीकडे सरकायला लागला आणि मांजराचा विचार टिकला नाही. एक जड टाच. मग घासत आलेला पाय. पुन्हा टाच. प्रत्येक टाचेला फळ्यांतून मातीची बारीक धूळ खाली येई, आणि ती धूळ कुठे येते त्यावरून वरची वाट दिसत होती. पंजाबराव चढले असतील, असा शेवटचा आधार त्याने धरला. तेवढ्यात पंजाबराव भिजत, धावत दारात आले आणि उंबऱ्याच्या बाहेरच थांबले.

"पंजाबराव, वर कोण आहे?"

पंजाबरावांनी वर पाहिलं नाही. ते आपल्या पायाकडे बघत पावसात उभे राहिले. मग वळून गोठ्याकडे निघून गेले. हा माणूस मलकापुरात का राहतो, हे इंद्रभानला तेव्हा समजलं.

पावलं चुलीच्या वर आली. टाच एकाच जागी पडू लागली, सावकाश, हिशेबाने. थेंब बारीक झाला. थांबला.

वाऱ्याने भोकावरचं मडकं गडगडत गेलं होतं आणि त्यातून पाऊस सरळ खोलीत पडत होता. उजेडाचा एक चौकोन आणि त्यातून येणारी धार. इंद्रभान त्याच्या खाली गेला आणि मान वर केली. करड्या आभाळाचा तुकडा दिसत होता. थेंब चेहऱ्यावर पडत होते. मग एक टाच पडली, पाय घासला आणि चौकोन काळा झाला.

पन्हाळं वाजतच होती. अंगणातल्या पत्र्यांवर पाऊस ताशासारखा कोसळत होता. फक्त त्याच्या चेहऱ्यावरचा पाऊस थांबला होता.

तो किती वेळ तसा होता, हे त्याला पुढे कधी सांगता आलं नाही. पुन्हा उजेड आला, पुन्हा थेंब पडले. त्याने भिंतीला हात टेकला, मग स्टुलावर चढून तुळईला. बोटं तड्यावर ठेवली. वर टाच पडली की तडा केसभर उघडे आणि मिटे.

"बाई, हे वजन आहे," तो म्हणाला. "ही तुळई टिकायची नाही."

"औंदा जड झाले ते," गोजरबाई म्हणाल्या. नातवाचं कौतुक सांगावं तसं त्यांनी सांगितलं. "पहिल्या वर्सी पाखरू बसल्यावानी वाटे. मले वाटे, भासच होते. मंग जरासं कळाले लागलं. आता पाहा ना, पायसुद्धा ओयखू येते. भरून येऊन राह्यले."

"आणि पूर्ण भरल्यावर?"

त्यांनी वर पाहिलं. त्या चेहऱ्यावर इतकी ओढ होती की इंद्रभानने नजर वळवली. परक्या बाईकडे अशा वेळी पाहू नये.

"मंग उतरतीन," त्या म्हणाल्या.

५

पाऊस अर्ध्या तासात ओसरला. पंजाबराव गोठ्यातून आले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"काय ठरलं साहेब? उकलू का धाबं?"

इंद्रभान कंपनीचा कागद गुडघ्यावर ठेवून ओसरीवर बसला होता. आत गोजरबाई चूल पेटवत होत्या. फुंकणीचा आवाज येत होता. फुंकणं मध्येच थांबलं.

तडा लिहायचा, एवढंच काम होतं. दोन शब्द. उद्या धाबं उकललं जाईल, पत्रे बसतील, बाई सुरक्षित राहील, घर गळणार नाही. कोरडं राहील. श्रावणात सगळं घर कोरडं आणि गप्प राहील.

"धाबं चांगलं आहे," तो म्हणाला, आणि तसं लिहिलं.

पंजाबरावांनी डोक्यावरचा टॉवेल काढला. "तुळईसकट?"

"तुळईसकट."

फुंकणी पुन्हा सुरू झाली.

खामगावला परतताना गाडीत त्याने सगळं तपासून पाहिलं, घर तपासावं तसं. वळवाचा पाऊस, भरलेलं आभाळ, एकट्या बाईचं बोलणं, उन्हात उपाशी चढलेला माणूस. सगळं जुळत होतं. फक्त एक जुळत नव्हतं. जे झालं ते काहीच नव्हतं, तर मग त्याने खोटं का लिहिलं? आयुष्यात पहिल्यांदा त्याने एका वाईट लाकडाला चांगलं म्हटलं होतं. आणि ते गोजरबाईंसाठी म्हटलं, असंही त्याला प्रामाणिकपणे म्हणता येईना. ते धाबं कुठेतरी शाबूत असावं, तेवढी एक जागा पत्र्याखाली जाऊ नये, असं त्यालाच वाटलं होतं.

घरी आल्यावर त्याने सवयीप्रमाणे वर पाहिलं. चुलीवरचं डांबर घट्ट होतं.

६

श्रावणात झड लागली. खामगावातल्या भिंतींना बुरशी चढली, सरकीची पोती ओली झाली, आणि कंपनीच्या ऑफिसात पडलेल्या घरांच्या बातम्या येऊ लागल्या. एका सकाळी भगवानरावांनी त्याला बोलावलं.

"धामणगाव बढे. पंजाबरावांचं घर. तुम्ही चांगलं म्हटलेलं." त्यांनी चष्मा पुसला. "बाई गेली त्यात. जाऊन पाहा, आणि माती किती वर्षांची होती तेही पाहा. म्हणजे आपल्याला देणं लागणार नाही."

एरवी या वाक्यावर त्याने टेबल हलवलं असतं. तो काठी घेऊन उठला.

मधली खोली तेवढी बसली होती. तुळई तड्यावर मोडून दोन्हीकडे भिंतीला टेकली होती आणि मध्ये मातीचा ढीग. पाऊस भुरभुरत होता. गोजरबाईंना आदल्या दिवशीच काढून पोचवून झालं होतं. पंजाबराव ढिगाऱ्यापाशी उभे होते. इंद्रभान आल्यावर त्यांनी रामराम केला नाही.

"कधी झालं?"

"परवा जेवनाच्या टायमाले. शेजारच्या वच्छलाबाईनं आयकलं." पंजाबरावांनी तोंडावरून हात फिरवला. "ते म्हनते, धाबं पडल्यावानी आवाजच नाई आला. कोनी मोठ्या मानसानं वरून पाय सोडून खाली उतरावं, तसा आला."

इंद्रभान ढिगाऱ्यावर चढला. बाईंना काढलं ती जागा चुलीसमोर होती. तिथे खड्डा होता आणि खड्ड्याच्या तळाशी एक पाट, एक ताट. ताट वाढलेलं होतं. भाकरी, भाजी, कोपऱ्यात मीठ. वर हातभर माती कोसळूनही ताटातलं मीठसुद्धा सांडलं नव्हतं.

त्याने खड्ड्याच्या कडेला हात लावला. इतक्या दिवसांच्या झडीत सगळीकडे चिखल होता, आणि त्या ताटाभोवतीची माती कोरडी होती. दाबून, तुडवून, घोटून बसवलेली. पाटासमोर तिच्यात एक खोल टाच होती आणि तिच्या शेजारी लांब रेघ. पाय ताटाकडे आलेले होते. परत गेलेले नव्हते.

"साहेब," पंजाबराव खालून म्हणाले. "पैसे ठेवा तुमच्या कंपनीले. मले एकच सांगा. तुमाले तुळईचा तडा दिसला होता का नाई?"

इंद्रभान काठीवर रेलून उभा राहिला. "दिसला होता."

"मंग काऊन?"

पाऊस त्याच्या टोपीवरून गळत होता. कॉलेज केलेला, कायदा वाचलेला, भगवानरावांना शब्दाला शब्द देणारा माणूस. तो काठीचं बोंड मातीत रोवत राहिला.

पंजाबराव आणखी जवळ आले. मग अगदी हळू म्हणाले, "तिच्या तोंडावर माती नव्हती. मीच उचललं तिले. आंघोळ घातल्यावानी सोच्छ होतं तोंड, अन् हासेल होतं." ते भिंतीकडे वळले. "मले माया भावाचं भेव वाटे, साहेब. सख्ख्या भावाचं. तुमाले नाई वाटलं?"

"वाटलं," इंद्रभान म्हणाला. "वाटतंय."

७

तो खामगावला आला तेव्हा दुपार होती आणि पाऊस चालूच होता. ऑफिसात न जाता तो सरळ घरी गेला. काठी कोपऱ्यात ठेवली. माळ्यावरून हातोडी, खिळा आणि डांबराचा डबा काढला.

डबा कशाला घेतला, हे त्याने स्वतःला समजावलं. भोक पाडलं तर ते बुजवायची सोयही हातात असावी. शहाणा माणूस तसंच करतो. पाचशे छपरं पाहिलेल्या माणसाने आपल्या डोळ्यांनी एकदा खात्री करून घ्यावी, की पत्र्याला भोक पाडलं तर त्यातून पाण्याशिवाय काही येत नाही. मग डांबर लावावं, कपडे बदलावे, ऑफिसात जाऊन तड्याचं खरं सांगावं आणि नोकरी सोडावी.

शिडीवर उभं राहून त्याने खिळा जुन्या डांबरावर धरला आणि ठोकला. डांबराचा खपला उडाला.

खाली येऊन तो चुलीसमोर भिंतीला टेकून बसला. या चुलीत कित्येक दिवसांत विस्तव नव्हता. तो खानावळीतच जेवत असे. भोकाच्या कडेला पाणी जमलं, लोंबलं, पडलं. भुईवर, मातीत. मऊ, बसका आवाज. पुन्हा तसाच. भुईवर एक काळा ठिपका झाला आणि पसरत गेला.

त्याने डोळे मिटले. भुई. भुई. भुई.

विमल असती तर म्हणाली असती, बघत काय बसलात, भांडं ठेवा की. त्या घरात आता पितळेचं एकही भांडं नव्हतं.

"चुलीपाशी गळतंय," तो म्हणाला. मोठ्याने नाही. जरा वेळाने त्याला तिचंच वाक्य आठवलं आणि तो म्हणाला, "आपल्या घराचा नंबर लागला गं."

थेंब भुईवर पडला. दुसरा पडला. मग एक थेंब इतका वेळ पडला नाही की त्याला वाटलं पाऊस थांबला. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

आणि मग पितळेवर पडला.

फार बारीक होता आवाज. सुई पडावी तसा. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, भास. पत्र्याचा प्रतिध्वनी, कानातलं पाणी. इंद्रभानचे कान आयुष्यभर एवढंच काम करत आले होते. काय कशावर वाजतंय हे त्यांना सांगावं लागत नसे. गोजरबाईंच्या पाटासमोरची ती खोल टाच त्याला दिसत होती, आणि इथे काय भरत जाणार, कुणाच्या भाराने, आणि भरल्यावर काय होणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. डांबराचा डबा मांडीशी होता. झाकण उघडं. उठायचं, शिडी चढायची, बोटभर डांबर लावायचं.

त्याने डोळे उघडले नाहीत. चाचपडत झाकण शोधलं, डब्यावर बसवलं आणि वरून टाचेने दाबून घट्ट केलं.

थेंब पडत होते. रिकाम्या तपेलीचा आवाज उंच असतो. पाणी चढत गेलं की तो खाली उतरतो, भरत आली की जवळजवळ ऐकू येईनासा होतो, आणि मग ती उचलून कुणीतरी अंगणात रिती करून आणावी लागते. अंगणाच्या दाराला कडी होती. ती त्याने आल्यावर लावली होती की नाही, हे त्याला आठवेना. तो उठला, भिंतीला धरून दारापर्यंत गेला, कडी काढली आणि पुन्हा जागेवर येऊन बसला.

आवाज अजून उंच होता. भरायला वेळ होता.